मोहाच्या आधीचे दिवस

भिवंडीने १९७० आणि १९८४ साली दोन भयंकर दंगली पाहिल्या. त्यांच्या आठवणी आजही इथल्या जुन्या घरांतून निघतात. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, आणि ही शांतता आपोआप आली नव्हती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस, सगळे त्यांत एकत्र बसत, आणि दंगल नसतानाच बसत. गल्लीतली किरकोळ भांडणं तिथल्या तिथे मिटवत. त्यामुळे कठीण दिवस आले तेव्हा माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती, अफवा आली तर कुणाला जाऊन विचारायचं हे त्यांना ठाऊक होतं.

ख्रिस्ती जीवनात पापाशी झुंजणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावाचा हा इतिहास मनाशी धरावा. मोह समोर उभा राहिला की आपण प्रार्थनेला लागतो, आणि हरलो की म्हणतो, ‘माझा विश्वासच कमी पडला.’ पुष्कळदा कमी पडलेली असते ती आधीच्या साध्या दिवसांतली तयारी. गेथशेमाने बागेत येशूने पेत्राला जागं राहून प्रार्थना करायला सांगितलं, तेव्हा पेत्र झोपला. काही तासांनी अंगणातल्या शेकोटीपाशी एका दासीच्या साध्या प्रश्नाने तो ढासळला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, तयारीची घटका मात्र हातची गेली होती. भिवंडीच्या कामतघरात राहून, इथेच पोट भरून, इथल्याच माणसांत देवाची आज्ञा पाळू पाहणाऱ्यांसाठी ही तयारी कशी करायची, पडलो तर कसं उठायचं आणि दयेने कसं वागायचं, ते या लेखात क्रमाने पाहू.

आपल्या पापाची वाट ओळखा

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पापाचा प्रवास सांगितला आहे. आधी वासना माणसाला ओढते, ती गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणापर्यंत नेतं. म्हणजे पाप एकाएकी घडत नाही, त्याला दिवस भरावे लागतात. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव काइनाशी बोलतो ते खून झाल्यावर नव्हे, त्याचं तोंड उतरलेलं असतानाच. पाप दाराशी टपून बसलं आहे आणि तुला त्याच्यावर सत्ता चालवायची आहे, ही सूचना त्याला वेळेत मिळाली होती.

दावीद राजाची गोष्ट (२ शमुवेल ११) या नजरेने पुन्हा वाचा. राजे लढाईला निघण्याचा हंगाम होता. त्याने यवाबाला पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी बिछान्यावरून उठला, गच्चीवर फिरू लागला, तिथून एका बाईवर त्याची नजर गेली. मग चौकशी केली, माणसं पाठवली, तिला आणवलं. पुढे ते लपवायला एका निष्ठावंत सैनिकाचा जीव घेतला. या साखळीत थांबण्याच्या जागा अनेक होत्या, आणि जितकी अलीकडची जागा तितकं थांबणं सोपं होतं.

तुमच्याही पापाची अशी वाट आहे. एका रात्री कागद घेऊन बसा आणि ती लिहून काढा. मी पडतो तेव्हा वार कोणता असतो? वेळ कोणती? बरोबर कोण असतं? त्याआधी मी उपाशी, थकलेला, चिडलेला की एकटा असतो? हातात काय असतं?

आपल्या भागात उत्तरं बहुधा ओळखीची निघतील. बारा तासांची रातपाळी करून आलेल्याला दिवसा झोप लागत नाही आणि मोबाइलवर नको ते उघडलं जातं. पगाराच्या संध्याकाळी खिशात रोख असते, मित्र हाक मारतात आणि घरी पोचेपर्यंत दारूत किंवा मोबाइलवरच्या जुगारात निम्मे पैसे गेलेले असतात. सणावाराला नातेवाईक जमले की जुन्या वाटणीचा विषय निघतो आणि जिभेवरचा ताबा सुटतो. उपासनेनंतर पायऱ्यांवर उभ्याउभ्या कुणाच्या मुलीबद्दल, कुणाच्या कर्जाबद्दल बोललं जातं आणि ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’ या नावाखाली चहाडी होते.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही. पण जोवर ‘प्रभू, मला सगळ्या पापांपासून वाचव’ एवढंच मोघम मागणं चालू आहे, तोवर लढाईला जागा सापडत नाही. ‘प्रभू, शनिवारी सातच्या सुमारास त्या नाक्यावर मला वाचव’ अशी प्रार्थना करायला लागलात की काय बदलायचं तेही दिसू लागतं.

निर्णय आधी घ्या, वाट आधी बदला

पोटीफराच्या घरातला योसेफ (उत्पत्ती ३९) मोह घालणाऱ्या मालकिणीशी वाद घालत बसला नाही. ती रोज बोलायची आणि तो तिच्याजवळ थांबायचंही टाळायचा, असं वचन सांगतं. शेवटच्या दिवशी त्याने अंगरखा तिच्या हातात सोडला आणि पळाला. त्या दिवशी पळता आलं, कारण आधी रोज टाळलेलं होतं. काही मोहांपुढे उभं राहून शौर्य दाखवायचं नसतं. पाय उचलायचे असतात.

अरण्यात सैतानाने येशूची परीक्षा घेतली (मत्तय ४), तेव्हा येशूने तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं. चाळीस दिवसांच्या उपासानंतर, अंगात त्राण नसताना ती वचनं ओठांवर आली, कारण ती लहानपणापासून हृदयात साठवलेली होती. भुकेल्या घटकेला शास्त्र शोधायला वेळ मिळत नाही. म्हणून या गोष्टी आजपासून करता येतील.

ज्या पापाशी तुमची खरी झुंज आहे, त्याच्यासाठी एकच वचन पाठ करा. दहा नकोत. एक असं बसवा की झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. लोभासाठी वेगळं, रागासाठी वेगळं, वासनेसाठी वेगळं. कुठलं घ्यावं हे कळत नसेल तर पाळकांना किंवा फादरना विचारा.

वाट बदला. दारूच्या दुकानावरून घरी येत असाल तर दुसरी गल्ली धरा, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. पगार थेट पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात जाईल अशी सोय करा. रोखीनेच मिळत असेल तर तो दिवस एखाद्या विश्वासू भावाबरोबर घरी येण्याचा ठरवून टाका.

मोबाइल रात्री उशाशी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. एकाच खोलीचं घर असेल तर दाराजवळच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. जुगाराची अॅपं काढून टाका आणि त्यांना जोडलेलं बँक खातं किंवा यूपीआय बंद करून घ्या. नुसतं अॅप काढल्याने भागत नाही, कारण ते दोन मिनिटांत परत येतं.

शरीराची काळजी घ्या. एलिया थकून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलला (१ राजे १९). सलग रातपाळ्या करणाऱ्याच्या चिडचिडीवर पुष्कळदा पहिला उपाय पोटभर जेवण आणि झोप हाच असतो. तो अध्यात्माबाहेरचा नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आश्वासन दिलं आहे की परीक्षेबरोबर देव निभावण्याची वाटही ठेवतो. ती वाट मोहाच्या क्षणी हवेतून उघडेल म्हणून थांबू नका. आज शांत वेळी बांधलेली सोय हीच पुष्कळदा देवाने दिलेली वाट असते.

हिशेबातलं पाप

पाप म्हटलं की मन दारूकडे आणि देहाकडे धावतं. पण पवित्र शास्त्र मापाबद्दल, मजुरीबद्दल आणि व्याजाबद्दल जितकं बोलतं, तितकं आपण सभेत बोलत नाही. कामतघर हा मागांच्या आणि कामगारवस्तीच्या शहराचा भाग आहे. इथल्या आज्ञापालनाची कसोटी कारखान्यात, गोदामात आणि दुकानाच्या गल्ल्यावर लागते.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी अशी आज्ञा आहे, तो मजूर स्वकीय असो की परदेशी. आपल्याकडे यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कितीतरी जण काम करतात, भिशीत जेवतात आणि उरलेलं गावी पाठवतात. तुमचे चार माग असोत, लहानसं शिलाईचं युनिट असो की घरी एकच मोलकरीण असो, तिचा पैसा ठरल्या दिवशी पोचतो का? कापडातल्या डागासाठी कापलेली रक्कम खरोखर नुकसानीइतकीच आहे का? दिलेली उचल ही मदत आहे की माणूस बांधून ठेवण्याची दोरी? याकोबाचं पत्र सांगतं की अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते.

मजुरी घेणाऱ्यालाही हिशेब आहेच. गोदामातल्या थप्पीतून एखादी वस्तू सरकवणं, हजेरी एकाची आणि अंगठा दुसऱ्याचा, मालकाचा माग चालू ठेवून झोपणं, हे सगळं ‘सगळेच करतात’ या वाक्याखाली झाकलं जातं. तसंच विजेचं. भिवंडीतलं वीजवितरण २००७ साली खासगी कंपनीच्या हाती गेलं, तेव्हा प्रचंड गळती आणि चोरी हा शहराचा मोठा प्रश्न होता. तारेवरचा आकडा किंवा थांबवलेला मीटर ही शेजाऱ्याच्या खिशातून केलेली चोरी आहे, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या घरात तर ती मुळीच नसावी.

जक्कयाने (लूक १९) नुसती क्षमा मागितली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि फसवलेल्यांना चौपट परत करण्याचं त्याने उभ्याउभ्या जाहीर केलं. येशूने तो शब्द ऐकून त्याच्या घराला तारण झाल्याचं सांगितलं. आधी दया घरी आली, जेवायला बसली, आणि तिच्यातून परतफेड निघाली, हा क्रम ध्यानात ठेवा. तुमच्याकडे कुणाचं काही अडकलं असेल तर यादी करा. सगळं एकदम देता येत नसेल तर हप्ता ठरवा, पण ज्याचं आहे त्याच्यासमोर जाऊन ठरवा.

आज्ञापालन रुजतं कसं

कित्येक विश्वासी माणसं उपवास कडकडीत करतात, सभा चुकवत नाहीत आणि तरी आतून कोरडी असतात. आज्ञा पाळून देवाला खूश करायचं ओझं त्यांनी खांद्यावर घेतलेलं असतं. पंडिता रमाबाईंनी याबद्दल फार मोलाचं सांगून ठेवलं आहे. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट केलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली. संस्कृत शास्त्रांत पारंगत, बुद्धीने तल्लख, सेवेला वाहून घेतलेली बाई हे कबूल करते. म्हणजे तुमच्याआमच्यात आज्ञापालन कष्टाचं झालं असेल तर पहिला प्रश्न हा विचारावा: मी नियमाशी झुंजतोय की ख्रिस्ताबरोबर चालतोय? तारण कमावण्यासाठी आज्ञा पाळायच्या नसतात. ते मिळालं आहे म्हणून पाळायच्या असतात.

दुसरी गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकावी. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा सुमारे पाच वर्षांनी झाला. मधल्या काळात सोवळंओवळं आणि जातिभेद त्यांच्या मनातून कसा गळाला, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवाछपवी न करता लिहिलं आहे. कुणी त्यांना धाक घातला नाही. प्रत्येक पायरीवर थांबून त्यांनी स्वतः विचार केला आणि जे खरं पटलं त्याप्रमाणे हात पुढे केला. आज्ञापालन असं रुजतं, पटलेल्या एका गोष्टीप्रमाणे वागून दुसरी पटण्याची जागा करत.

म्हणून घरच्यांवर, विशेषतः तरुण मुलांवर, सगळ्या आज्ञा एकाच रविवारी लादू नका. एका आठवड्याला एक आज्ञा घ्या. समजा, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली भावाशी समेट करण्याची घेतली. अर्पण वेदीवर ठेवण्याआधी जा आणि भावाशी जुळवून घे, असं तिथे सांगितलं आहे. तर सोमवारी ठरवा की कोणाशी बोलणं बंद आहे. मंगळवारी, बुधवारी त्या माणसासाठी प्रार्थना करा. गुरुवारी त्याला फोन करा. तो बोलला नाही तरी तुमचं काम झालं. रविवारी अर्पण देताना हात हलका वाटेल.

अवघड आज्ञेला फाटा देऊन सोप्या आज्ञा जास्त पाळायची सवय मात्र मोडा. शौल राजाने अमालेकी लोकांची उत्तम गुरंढोरं राखून ठेवली आणि यज्ञासाठी ठेवली असं कारण दिलं. तेव्हा शमुवेलाने त्याला बजावलं की देवाला होमांपेक्षा आज्ञा मानणं अधिक प्रिय आहे (१ शमुवेल १५). भावाशी कोर्टात खोटी केस चालू असताना चर्चला पंखे देणं याच जातीचं आहे.

पडलात तर त्याच दिवशी उठा

एवढं करूनही पडणं होईल. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जे करू नये ते मी करतो, अशी तगमग प्रेषित पौलाने लिहिली आहे. तेव्हा प्रश्न पडलो का एवढाच नाही, पडल्यावर काय केलं हाही आहे.

इथल्या कारागिराला हे समजावून सांगावं लागणार नाही. मागावर ताण्याचा धागा तुटला की तो माग थांबवतो, तुटलेली टोकं शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. पाळी संपल्यावर बघू म्हणून चालू ठेवला तर खोट पुढच्या साऱ्या कापडात उतरते. कबुलीचं हेच आहे. ती त्याच दिवशी झाली तर लहान असते.

दावीद आणि शौल दोघेही पडले. शौलाने लोकांवर ढकललं आणि मग लोकांसमोर आपला मान राखावा म्हणून शमुवेलाला गळ घातली. दाविदाने नाथान संदेष्ट्यापुढे कारण सांगितलं नाही, मी पाप केलं एवढंच म्हणाला. एक्कावन्नावं स्तोत्र त्याच पश्चात्तापाशी जोडलेलं आहे. पण दाविदाच्या घरात पुढे जे भोगावं लागलं, तेही शास्त्राने लपवलेलं नाही. क्षमा मिळाली म्हणजे परिणाम पुसले जातात असं नाही. नोकरी जाऊ शकते, विश्वास परत मिळायला वर्षं लागतात. ते सोसताना देवाने टाकलं असं मानू नका.

कबुली कशी द्यावी? आधी देवाजवळ, पापाला त्याच्या नावाने हाक मारून. ‘माझ्याकडून चूक झाली असेल तर’ असं म्हणू नका, ‘मी खोटं बोललो’ म्हणा. मग ज्याचं नुकसान झालं त्याच्याजवळ. आणि एका माणसाजवळ, कारण याकोबाच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. कॅथलिक असाल तर कन्फेशनला जा आणि ते नाताळ-ईस्टरपुरतं ठेवू नका. प्रॉटेस्टंट मंडळीत असाल तर पाळक किंवा एखादा पोक्त विश्वासी निवडा. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई निवडावी. तो माणूस तोंडाचा घट्ट हवा, लाड न करणारा आणि तरीही तुम्ही सांगितल्यावर तुम्हाला जवळ करणारा हवा.

ज्याच्याजवळ कबुली येते, त्याच्यावर मोठी जबाबदारी आहे. ऐकलेलं पत्नीलाही सांगू नये, सभेत उदाहरण म्हणून वापरू नये. एकदा विश्वास मोडला तर तो माणूस पुन्हा कुणाहीजवळ तोंड उघडणार नाही.

व्यसन जडलेलं असेल तर एवढ्याने भागणार नाही. दारू अचानक सोडल्याने जिवावरही बेतू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांकडे जा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथल्या सुरुवातीच्या माणसांनी याकोबाचं पत्र मन लावून वाचलं होतं, आणि आपले दोष दुसऱ्या माणसापुढे कबूल करणं ही तिची एक पायरीच आहे. महाराष्ट्रात तिच्या सभा मराठीतून चालतात. मन फार खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं. औषध आणि प्रार्थना एकमेकांच्या आड येत नाहीत.

दया ही आज्ञाच आहे

पापाशी नीट झुंजणाऱ्या माणसाला एक धोका असतो: तो कठोर होऊ लागतो. मी दारू सोडली, मग याला का सुटत नाही? आमच्या घरात असं कधी झालं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू होशेयाच्या एकाच वचनाकडे दोनदा बोट दाखवतो, नवव्या आणि बाराव्या अध्यायात, आणि दोन्ही वेळा समोर नियम काटेकोर पाळणारेच उभे आहेत. देवाला यज्ञ नको, दया हवी, हे त्यांनी जाऊन शिकावं असं तो म्हणतो.

अठराव्या अध्यायातल्या चाकराचा हिशेब एकदा मांडून पाहा. त्याला दहा हजार तालांतांचं कर्ज माफ झालं. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतात साधारण सहा हजार दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ झाली. वर्षात तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. आणि त्याने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी, शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नाही, गरिबाला ती जड आहे. येशू दुखापत क्षुल्लक ठरवत नाही. पण माफ झालेल्या कर्जाशेजारी ती ठेवून बघ म्हणतो.

दयेचं काम काय करतं हे रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या बायकांची सिस्टर्स मायेने सेवा करताना त्यांनी पाहिलं. अशा बायकांना आपल्याकडे कुणी दारात उभं करत नाही, मग इथे हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट वाचून दाखवण्यात आली. ख्रिस्ताकडे त्यांचं मन ओढलं जायला ही दया कारण झाली. भारतात परतल्यावर १८८९च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि बायका त्या घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथेच फसवल्या गेलेल्या, बदनाम झालेल्या बायकांसाठी त्यांनी कृपा सदन चालवलं. तिथे बायकांना नुसतं दोन वेळचं जेवण देऊन भागवलं नाही, विणकाम, छपाई, शेती असं हाताला काम दिलं. दया करायची तर माणूस आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत करायची, हे त्यांच्याकडून घ्यावं.

आपल्या गल्लीत हे कसं करता येईल? आपल्या मंडळीतला एखादा पडला असेल, तर पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी जा. उपदेश घेऊन जाऊ नका, डबा घेऊन जा. शेजारचा कामगार तापाने फणफणला असेल आणि त्याचं माणूस गावी असेल, तर सरकारी दवाखान्यात त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा. तो कुठल्या धर्माचा हे विचारू नका, चांगल्या शोमरोन्याने विचारलं नव्हतं. मुलीचं पाऊल वाकडं पडलं म्हणून ज्या घराशी बोलणं थांबलं आहे, त्या घरच्या आईला उपासनेत आपल्या शेजारी बसवा. तुरुंगातून सुटून आलेल्याला कामाचा शब्द टाका.

दयेच्या नावाखाली एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका. मार खाणाऱ्या पत्नीला ‘क्षमा कर, सत्तर वेळा सातदा’ असं सांगून परत त्याच घरात ढकलणं ही दया नाही. लहान लेकराशी गैर वागणाऱ्याला मंडळीच्या अब्रूसाठी झाकणं ही तर देवाविरुद्ध उभं राहण्याची गोष्ट आहे. अशा वेळी आधी त्या बाईला किंवा लेकराला सुरक्षित जागी न्या. बाईसाठी १८१, मुलासाठी १०९८ आणि तातडीने पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असावेत. अपराध्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण कायद्याच्या हातून त्याला सोडवू नका. जबाबदारी घेण्यातूनच त्याचाही पश्चात्ताप खरा होतो.

एका आठवड्याची मांडणी

हे सगळं डोक्यात राहायचं तर त्याला वारांची जागा द्यावी लागते. आपल्या पाळीप्रमाणे पुढची मांडणी बदलून घ्या.

रोज सकाळी, किंवा रातपाळी असेल तर कामावर निघण्याआधी, तुमचं पाठ केलेलं वचन एकदा मोठ्याने म्हणा आणि आजचा धोक्याचा तास कोणता ते देवाला सांगा. रोज झोपण्याआधी तीन प्रश्न विचारा: आज कुठे पडलो? आज कोणावर दया केली? उद्या कोणाची माफी मागायची आहे? पाच मिनिटं पुरतात.

आठवड्यातून एकदा तुमच्या विश्वासू माणसाला भेटा. प्रत्यक्ष जमलं नाही तर फोन करा. त्याने सरळ विचारावं आणि तुम्ही सरळ सांगावं. तासभर लागत नाही, चहाइतका वेळ लागतो.

पगाराच्या दिवशी आधी देणी द्या. ज्यांची मजुरी तुमच्याकडे आहे त्यांची, दुकानदाराची, भाड्याची. त्यातूनच दयेसाठी एक लहान रक्कम वेगळी काढा, म्हणजे कुणी दाराशी आलं तर खिशात हात घालताना मनाशी भांडावं लागणार नाही.

गुरुवारी समेटाचा फोन करा. रविवारी उपासनेला किंवा मिस्साला जाताना घरातल्या लहानांना बरोबर घ्या आणि परत आल्यावर त्यांच्यासमोर आपली एक चूक मोकळेपणाने मान्य करा. बाप माफी मागतो हे ज्या मुलांनी पाहिलं, ती मुलं पुढे स्वतःची चूक सांगायला घाबरत नाहीत.

महिन्यातून एकदा तो पहिला कागद काढा. काही वाटा बंद झालेल्या दिसतील, एखादी नवी उघडलेली दिसेल. तिच्यावर काम सुरू करा.

यातलं काहीच मोठं नाही, आणि म्हणूनच ते उद्या-परवावर ढकललं जातं. या आठवड्यात तुमच्यावर कोणतंच संकट नसेल, मन शांत असेल, घरात सगळं ठीक असेल, तर हीच सुरुवात करण्याची योग्य वेळ आहे. आजच तो एक माणूस ठरवा, त्याला फोन करा आणि म्हणा, ‘मला दर आठवड्याला तू विचारत जा.’ तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारा. देवाची कृपा तुमच्याआधी तिथे पोचलेली असेल, कारण लेकरू दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं आणि धावत गेला, ही गोष्ट येशूने स्वतः सांगितली आहे. त्या बापावर भरवसा ठेवा आणि फोन हातात घ्या.